जमिनीवरचं माळवद

"पायात काही दोष नाही. याला जमिनीवर सोडा," एवढं बोलून अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

मी उठले नाही. रुद्रेश माझ्या मांडीवर होता. दीड वर्ष उलटून गेलं होतं त्याला, आणि तो अजून पाऊल टाकत नव्हता. दोन्ही हात धरले तर उभा राहायचा. पण मी हात सैल करणार असं नुसतं त्याला वाटलं तरी गुडघे मुडपून माझ्या साडीला लोंबकळायचा. डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली होती, पोटऱ्या चाचपल्या होत्या, तळव्यावरून किल्ली फिरवली होती.

"पोलिओ तर नाही ना?" मी विचारलं.

"नाही."

"नक्की नाही ना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हा दिवसभर असतो कुठं?"

"माझ्याजवळ."

"म्हणजे कडेवर."

मी रुद्रेशला मांडीवर सावरून घेतलं. "दिवाळीपर्यंत बघू," ते म्हणाले. "नाही चालला तर सोलापूरला हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पण आधी जमीन."

आमचं घाटनांदूर येईपर्यंत बसमध्ये मी त्याचे अंगठे दाबत बसले. दाबला की तो पाय ओढून घ्यायचा. ओढला की मला हायसं वाटायचं, आणि पुढचा थांबा यायच्या आत ते हायसं वाटणं संपलेलं असायचं. डोस सगळे दिले होते. गेल्या हिवाळ्यात साऱ्या देशात एकाच दिवशी थेंब पाजले, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात रांगेत सगळ्यांच्या पुढं मीच होते. पण लस ठेवायच्या पेटीतला बर्फ शिल्लक होता का, ते मी तेव्हा बघितलं नव्हतं. आता रोज ती पेटी डोळ्यांसमोर यायची.

जमिनीवर सोडा, म्हणे. कुठल्या जमिनीवर?

आमचं भुसारचं दुकान आणि मागं घर. पुढं ओट्यापाशी दिवसभर टेम्पो, बैलगाड्या, हातात हूक घेतलेले हमाल. मधल्या घरात शहाबादी फरशी. पडला तर डोकंच फुटायचं. पोत्यांखाली विंचू निघतात, हे काही माझ्या मनाचे खेळ नव्हते. अव्वांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चपलेनं ठेचलेला मी स्वतः पाहिला होता. राहिली मागची मोकळी जागा.

तिथं पूर्वी माळवदाचं गोदाम होतं. जाड भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यांच्यावर हातभर मातीचं छत. माझ्या लग्नाच्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडं भिंती नुसत्या तडकल्या, पण त्यानंतर मातीच्या छताखाली पाठ टेकायला गावात कुणी तयार होईना. एकामागून एक माळवदं उतरली, पत्रे चढले. आमचं गोदाम माझ्या सासऱ्यांनी, गुरुलिंगअप्पांनी, स्वतः उभं राहून पाडून घेतलं. गाव त्यांना अप्पा म्हणतं, मीही अप्पाच म्हणते. दगड नव्या शेडच्या पायात गेले, तुळया-फळ्या एका कडेला रचल्या, आणि छताची पांढरी माती जिथं पडली तिथंच राहिली. तिच्यात काय नव्हतं! गंजके खिळे, काचा, बाभळीचे काटे.

गावात केबल नुकतीच आली होती. फ्रीज असो, साबण असो नाहीतर बिस्किट, जाहिरातीतलं बाळ धावत यायचं ते हिरवळीवरूनच. पडायचं आणि हसायचं. मी ते पडणं फार लक्ष देऊन बघायची. डोकं आपटत नव्हतं.

"मागं हिरवळ करू या," एकदा दुपारी सगळे जेवायला बसले असताना मी म्हणाले.

माझे यजमान श्रीशैल हसले. "लॉन? आपण काय कलेक्टर लागून गेलो का?"

"गवत लावायचं?" अव्वांना कळेना. "मुद्दाम?"

"हो."

"कंचं?"

"हराळी. तिचीच चांगली गादी होते."

अव्वांनी हातातला भाकरीचा तुकडा तसाच धरून ठेवला. "अगं बाई! वावरातली हराळी काढता काढता माझ्या बापाची हयात गेली. बैलं टेकीला आले. आन् ही म्हणती लावायची!"

"रुदूसाठी," मी म्हणाले. "पडला तरी लागणार नाही असं काहीतरी हवं ना."

"आमची लेकरं काय गादीवर चालायला शिकली का? तू त्याला सोडशील तर त्यो चालंल."

"सोडणारच आहे. जागा झाली की सोडते."

अप्पा ताटात बघून जेवत होते. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "जागा सपाट करावी लागंल." म्हणजे झालं, हो म्हणाले.

श्रीशैल अंबाजोगाईला गेले तेव्हा त्यांनी हार्डवेअरच्या दुकानात हिरवळीची हत्यारं मागून बघितली. रूळ मागितला तर दुकानदारानं भिंतीला रंग लावायचा रूळ काढून दिला. तो घेऊन हे घरी आले आणि मला नमस्कार करून म्हणाले, "घ्या बाईसाहेब, फिरवा." मग सगळं घरीच करायचं ठरलं. बी.एस्सी.ला माझा विषय पदार्थविज्ञान होता. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मी आकृत्या काढल्या. रुद्रेश मांडीवर बसून त्यांच्यावर रेघोट्या ओढायचा.

पहिलं केलं ते दाताळं. घरात एक होतं, पण ते कडबा ओढायचं, विरळ दातांचं. मला काचेचा तुकडासुद्धा निसटायला नको होता. माळवदाच्या एका फळीला बोटाबोटाच्या अंतरावर लांब खिळे ठोकले, मधोमध बांबू बसवला. ते ओढून झालं तरी माझं समाधान होईना. मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक काढलं, काठीला सुतळीनं बांधलं आणि जमिनीवरून बोट-बोट वर धरून सगळी जागा फिरले. एका हातात काठी, दुसऱ्या कडेवर रुद्रेश. चुंबकाला चिकटलेले चुकार खिळे बघून अव्वासुद्धा म्हणाल्या, "बरं झालं बाई, फिरवलंस ते."

माती चाळायची वेळ आली तेव्हा मी दुकानातली चाळण मागितली. अप्पा आडवे आले.

"धान्याच्या चाळणीत माती घालायची? लक्ष्मी हाय ती."

"मग कशात चाळू?"

 अप्पा आत जाऊन कडा फाटलेली एक जुनी चाळण घेऊन आले, कपाळाला लावली आणि माझ्यापुढं ठेवली. "ही आता दुकानात परत न्यायची न्हाई."

जागेला मागच्या नालीकडं चांगला उतार द्या, असं मीच सांगितलं होतं. पाणी साचलं की डास, डास झाले की ताप. सलाईनच्या नळीत पाणी भरून आम्ही उतार मोजला आणि श्रीशैल म्हणाले, "अगं, एवढ्या उतारावर पोरगं गडगडत नालीत जाईल." मग मी नालीवर फरशा टाकून घेतल्या.

राहिला रूळ. पत्र्याचं तेलाचं पिंप घेतलं, दोन्ही बाजूंना भोकं पाडून आरपार पाईप घातला, आत दगड आणि ओली वाळू ठासली आणि स्टेशनकडच्या वेल्डिंगवाल्याकडून तोंड बंद करून आणलं. पुढं ओढायला लोखंडी दांडा. पाईप नेमका मधोमध बसला नव्हता. त्यामुळं रूळ सरळ फिरायचा नाही. जड बाजू वर चढताना तो अडून बसायचा, कितीही ओढा. आणि ती माथ्यावरून पलीकडं कलली की आपल्यालाच ओढत न्यायचा.

"नवरदेवाच्या घोड्यावानी हाय," अव्वा म्हणाल्या. "आधी चालायचं न्हाई, मग थांबायचं न्हाई."

इथपर्यंत अप्पा नुसते बघत होते. माती चाळून पसरली आणि मी तिच्यावर पाणी शिंपडू लागले, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "असं न्हाई. दे इकडं." त्यांनी धोतर खोचलं, गळ्यातलं लिंगाचं चांदीचं करडगं सदऱ्याच्या आत सारलं आणि कोपऱ्यातून लाकडी चोपणं काढलं. हात-दीड हात लांब, खाली चपटं, वर मूठ. माळवद चोपायचं ते. भूकंपानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता.

पुढं कितीतरी संध्याकाळी अप्पा उकिडवे बसून ती जागा चोपत होते. शिंपड, चोप. पुन्हा बारीक माती, पुन्हा शिंपड, पुन्हा चोप. वरून आम्ही रूळ फिरवायचो. भूकंपानंतर इतकं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"ही माती आमच्या बानं धारूरकडून आणलती, गाड्या जुपून. रोज चोपायची. मग कितीबी पाऊस पडू दे, पोत्याला ओल म्हणून यायची न्हाई. एक थेंब खाली उतरायचा न्हाई, प्रणिता. एक थेंब."

"काय सुंदर झालं हो अप्पा," मी म्हणायची, आणि खरंच म्हणायची. तळहात फिरवला तर खडा लागत नव्हता.

हराळी बायडाबाईनं आणून दिली. ती धनगराची बाई. तिच्या मेंढ्या गावाबाहेर असायच्या, मीठ आणि पेंड न्यायला ती आमच्या दुकानात यायची. पोतंभर मुळ्या माझ्यापुढं ओतून ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"वैनी, लोकं मला म्हणतेत, बायडे, तुझ्या मेंढ्या आण आन् आमची हराळी खाऊन जा. आन् तुमी पोतं भरून घेताव!"

"जगेल ना पण?"

"हिला काय होतंय? उन्हात टाका, पान्यात टाका, मरत न्हाई. माझ्या सासूवानी हाय."

"आन् हिच्या सासूवानी बी, म्हण की," अव्वा आतून म्हणाल्या.

पाऊस सुरू झाल्यावर आम्ही ती लावली. जमीन इतकी घट्ट झाली होती की खिळ्यानं भोक पाडून एकेक मुळी बसवावी लागली. ते मला चांगलंच लक्षण वाटलं. मग मी वाट बघू लागले. गवताची, आणि त्याच्यामागून रुद्रेशची. तोवर त्याला पोत्यांच्या घेरात बसवायची. तिथं तो बसूनच राहायचा. काही हवं असलं की दोन्ही हात वर करायचा; मी जाऊन उचलायची. दर सोमवारी आंघोळीनंतर मी सुतळीनं त्याच्या दोन्ही पोटऱ्या मोजायची. कधी डावी बारीक वाटायची, कधी उजवी. सुतळी ओली असली की वेगळंच माप यायचं.

आषाढ गेला. हराळी आधी पिवळी पडली, मग तपकिरी झाली. कशानंही न मरणारी हराळी आमच्या दारात मेली.

उघडीप होती त्या दिवशी मी तांब्याभर पाणी घेऊन बाहेर गेले आणि एका मुळीपाशी ओतलं. पाणी थांबलंच नाही. थेट उतारानं सरसर नालीकडं गेलं. जिथं ओतलं तिथं बोट घासून बघितलं तर खाली कोरडं. दुसरा तांब्या ओतला. तेच.

अव्वा मागच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "एक थेंब आत ग्येला न्हाई."

अप्पा दुकानातून आले. त्यांनीही पाणी ओतलं. वाकून बराच वेळ त्या ओल्या, तुकतुकीत मातीकडं बघत राहिले.

"आपण माळवद घातलं," ते म्हणाले.

 खरंच होतं ते. पाणी अडवण्यासाठीच आणलेली माती, पाणी अडवण्यासाठीच केलेली चोपणी. छत करताना जे जे करतात ते आम्ही तिघांनी मिळून जमिनीवर केलं होतं, आणि मी वर उभी राहून वा वा म्हटलं होतं. उतार आणि पाणी यांचं गणित माझ्या शिकण्यातलंच होतं. पण माझं सगळं लक्ष काचांकडं होतं.

श्रीशैल संध्याकाळी आले तेव्हा हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. म्हणाले, "राहू दे आता. सोलापूरलाच जाऊन येऊ. उगीच दिवाळी कशाला गाठायची?"

 सोलापूर म्हटलं की मला चामड्याचे पट्टे आणि लोखंडी सळया दिसायच्या. आमच्या बसस्टँडवरच्या पानटपरीत बसणारा मुलगा तसल्याच सळया घालून चालतो. तो आला की आधी आवाज येतो. वस्तू घेताना मी त्याच्या पायाकडं बघायचं टाळते, आणि ते त्यालाही कळत असणार.

"अजून थांबू," मी म्हणाले. "जमीन फोडू आणि परत लावू."

"मी चोपलंय, मीच फोडतो," अप्पा म्हणाले.

पण कुदळ लावली की खापऱ्यांसारखे टोकदार तुकडे निघत होते. ते मला नको होते. जमिनीला सगळीकडून भोकं पाडायची, मग त्यांत शेणखत आणि नदीची वाळू घालायची, असं मी सुचवलं. कापसाच्या गाठी आवळायच्या पोलादी पट्ट्या अप्पांनी कुठूनतरी मिळवल्या. त्यांना आतून बाहेर खिळे ठोकून त्या पट्ट्या आम्ही रुळाभोवती आवळल्या. रूळ आता साळिंदरासारखा दिसू लागला. ओढला की कचकच आवाज करत जमिनीत रुतायचा आणि मागं ढेकळं उचकटायचा. काम होत होतं. पूर्वीपेक्षा जड मात्र फार झाला होता. आता तो ओढायला दोघं लागायचे आणि उतारावर दोघांनी मागून दांडा धरून, आवरत आवरत खाली सोडावा लागायचा.

भादव्यातल्या एका सकाळची ही गोष्ट. श्रीशैल मालासाठी परळीला गेले होते. मी आणि अप्पा रूळ घेऊन वरच्या अंगाला, घराच्या बाजूला. अव्वा रुद्रेशला घेऊन खाली नालीपाशी लिंबाच्या सावलीत, पोत्यावर बसलेल्या. पलीकडं पिठाची गिरणी चालू.

रूळ घेऊन आम्ही अर्ध्या उतारावर आलो. जड बाजू वर चढत होती म्हणून तो अडला होता, आणि आम्ही दोघं जरा दम खात होतो. तेवढ्यात दुकानातून कुणीतरी ओरडलं, "हाय का न्हाई कुणी?"

"आले, आले," म्हणत अव्वा उठल्या. रुद्रेशला त्यांनी पोत्यावर बसवलं. "बसतंय गुमान. आत्ता येते." कडेकडेनं त्या घरात गेल्या.

रुद्रेश बसला नाही. मी तिथं होते, आणि मी दिसत होते. तो पोत्यावरून उतरला, रांगत रांगत फोडलेल्या जमिनीत आला आणि बरोबर आमच्या समोर, रुळाच्या खालच्या अंगाला, मातीत बसला.

"अप्पा, रुदू!" मी दांडा सोडणारच होते.

"सोडू नको!" अप्पा म्हणाले. त्याच क्षणाला रूळ हलला. जड बाजू माथ्यावर आली होती आणि हळूच खालच्या अंगाला कलली. दांडा हातात ताणला गेला. आम्ही दोघंही अंगाचं वजन मागं टाकून उभे राहिलो. खिळे मातीत कचकचले आणि रूळ थांबला. थांबला म्हणजे आम्ही धरला होता म्हणून.

"मागं ओढा अप्पा."

"न्हाई यायचा आता मागं. जड बाजू पल्याड गेली. नुसता धर."

"अव्वा!" मी ओरडले. "अव्वा!" गिरणीच्या आवाजात माझाच आवाज मला ऐकू येईना.

"तू सोडलास तर एकट्याला आवरनार न्हाई मला," अप्पा म्हणाले.  ते ओरडून बोलले नाहीत, म्हणूनच मला ते खरं वाटलं.

मी दांडा धरून उभी राहिले. तो जन्मल्यापासून त्याला जपायचं म्हणजे त्याला जवळ घ्यायचं, एवढंच मला ठाऊक होतं. आणि आता त्याला जपायचं तर मला त्याच्याकडं जाता येत नव्हतं.

रुद्रेशनं मला बघून दोन्ही हात वर केले. नेहमीसारखे. उचल म्हणून.

मी गेले नाही.

त्यानं हात तसेच ठेवले. तोंडावर हसू होतं, ते हळूहळू विझत गेलं. त्याला काही कळेना. त्यानं हात आणखी ताणले, पंजे उघडझाप केले. मग ओठ काढला. रडला. रडतानाही हात वर. मी त्याच्याकडं बघत होते आणि जागची हलत नव्हते, असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

मग त्याला राग आला. अगदी स्पष्ट दिसला मला तो. त्यानं हात खाली घेतले, समोरच्या ढेकळावर टेकले, ढुंगण वर केलं आणि ढेकळावरचे हात काढून घेतले. उभा राहिला. धरायला काही नाही, कुणी नाही. पोट पुढं काढून, पाय फाकवून, चेहरा लाल. आणि त्यानं पाऊल उचललं.

माझ्याकडं. म्हणजे रुळाकडं.

ज्या पावलासाठी मी देवाला, डॉक्टरला, सगळ्यांना साकडं घातलं होतं ते माझ्यासमोर पडलं, आणि मला वाटलं, नको, टाकू नको. त्यानं आणखी एक टाकलं. खिळे त्याच्यापासून फार लांब नव्हते.

"थांब!" मी किंचाळले. "येऊ नको! खाली बस!"

त्या आवाजात मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. तो दचकला आणि मातीत धप्पकन बसला. एक क्षण श्वास अडकला त्याचा, आणि मग असा रडला की गिरणीच्या आवाजातूनही अव्वांना ऐकू गेलं. त्या धावत आल्या, आमच्याकडं नुसतं बघितलं आणि काही न विचारता त्याला उचलून बाजूला घेऊन गेल्या.

"आता जाऊ दे," अप्पा म्हणाले. आम्ही दांडा सोडला. रूळ गडगडत खाली गेला, पोत्यावरून गेला आणि नालीवरच्या फरशीला धडकून आडवा झाला. फरशीचे दोन तुकडे झाले.

मला माझी बोटं उघडता येत नव्हती. अप्पा खाली बसले. बराच वेळ छातीवर हात ठेवून बसले होते, मग म्हणाले, "दोन टाकली."

"काय?" अव्वा म्हणाल्या.

"पावलं. दोन टाकली त्यानं."

"कुनी? ह्यानं? काहीतरीच."

"मी बघितली. हिनं बी बघितली."

अव्वांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, आणि मग मला रडू आलं. अव्वांनी रुद्रेशला माझ्याकडं दिलं नाही. "आधी हात धू," म्हणाल्या. "आन् जरा बस. त्यो माझ्याकडं हाय."

मला वाटलं होतं आता तो रुसेल, घाबरेल, पुन्हा पाऊल टाकणारच नाही. दुपारभर तो माझ्याकडं बघतही नव्हता. सोलापूरची वेळ आणली ती मीच, असं मनात येत राहिलं. सळयांचा आवाज कानात येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला मागं घेऊन गेले. रूळ तसाच पडला होता. सगळीकडं ढेकळं होती, शेणखत अजून घातलं नव्हतं, चुंबक फिरवून झालं नव्हतं. ते फिरवायचं मनात आलं. मग मी त्याला तिथंच खाली ठेवलं, पलीकडं गेले आणि उभी राहिले. फार लांब नाही. पण हात पुरणार नाही इतकी.

त्यानं हात वर केले.

मी माझे हात पाठीमागं धरले. एकमेकांत गुंतवून घट्ट धरले, कारण त्यांचा मला भरवसा नव्हता. "ये," मी म्हणाले. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला. "तू ये."

त्यानं मला बरंच ताटकळत ठेवलं. कालचा हिशेब त्याच्याही मनात असावा. ढेकूळ उचललं, चाखलं, थुंकलं. विंचू, मला वाटलं. ढेकळाखाली विंचू असू शकतो. मी बघत राहिले आणि गेले नाही. मग त्यानं ढुंगण वर केलं, डुलत डुलत उभा राहिला, आणि निघाला. तिसऱ्या पावलाला पडला. हनुवटी आपटली, थोडं खरचटलं, रक्ताचा बारीकसा ठिपका आला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी तोंड हसरं ठेवलं. कसं ठेवलं मला माहीत नाही. तो परत उठला.

तो जवळ आला तेव्हा मला दिसलं, की अव्वा मागच्या दारात उभ्या आहेत आणि त्यांनीही आपले हात पदराखाली घट्ट दाबून धरले आहेत. इतके दिवस 'सोड, सोड' म्हणणाऱ्या त्याच. त्यांना ते सोपं जात असेल, असं मला वाटायचं. त्यांनीही लेकरं अशीच सोडली असणार, कुणाला न दाखवता.

तो माझ्या गुडघ्यांना येऊन थडकला. मी त्याला उचललं नाही. त्यानंही हात वर केले नाहीत. साडी धरून जरा दम घेतला, आणि मग माझ्या बाजूनं निघून पुढं गेला, त्या आडव्या पडलेल्या रुळाकडं, कालच्या त्या साळिंदराकडं, बोट दाखवत.

"अगं, खिळे हायत त्याला!" अव्वा म्हणाल्या.

"बघतेय," मी म्हणाले, आणि त्याच्या मागून चालू लागले.